शेजार आपोआप घडत नाही

शहरात शेजार उरला नाही, याचं खापर आपण माणसांच्या स्वभावावर फोडतो. लोक आत्मकेंद्री झाले, दारं लावून बसू लागले, असं म्हणून मोकळे होतो. हे निदान मला अपुरं वाटतं. शेजार टिकतो तो जागेच्या रचनेवर आणि ठरवून घेतलेल्या कामांवर. स्टॉकहोमच्या सोडरमाल्म भागातली फेर्डक्नेपेन ही १९९३ सालची सहनिवासाची इमारत याचा चांगला पुरावा आहे. आयुष्याच्या उत्तरार्धातल्या, घरात मुलं नसलेल्या माणसांसाठी बांधलेल्या ४३ सदनिका. प्रत्येकीत स्वतंत्र स्वयंपाकघर आहे. पण प्रत्येकीचं क्षेत्रफळ थोडं कमी करून त्या जागेतून सर्वांसाठी मोठं स्वयंपाकघर, जेवणघर आणि वाचनाची खोली काढली आहे. सोमवार ते शुक्रवार संध्याकाळचं जेवण तिथे होतं. रहिवाशांचे गट पाळीपाळीने रांधतात. पाळी चुकवता येत नाही, जेवायला यायचं की नाही हे मात्र ज्याचं त्याने ठरवायचं. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. प्रेमाची सक्ती करता येत नाही, कांदे चिरण्याची करता येते. आणि शेजारी बसून कांदे चिरणाऱ्यांची ओळख वाढतेच.

आपल्याकडे कुणीही म्हणेल की हे सगळं चाळीत होतंच, त्यासाठी स्वीडनला कशाला जायचं? चाळीतला जिव्हाळा खोटा नव्हता. पण खोलीत माणसं मावत नव्हती म्हणून ती गॅलरीत आली. सामायिक नळ आणि संडास कुणी हौसेने निवडले नव्हते. नको तेव्हा दार लावून घेण्याची सोय तिथे नव्हती, आणि त्याचा जाच बायकांना सर्वांत जास्त झाला. ज्यांना जमलं त्यांनी ब्लॉक घेतला, यात त्यांचं काहीच चुकलं नाही. सहनिवासात मात्र दार लावून घेता येतं. डेन्मार्कमध्ये बोडिल ग्रॉ यांनी १९६७ साली मुलांना शंभर आईबाप हवेत असा लेख लिहिला आणि १९७२ साली सेटेडामेन ही २७ घरांची वसाहत उभी राहिली, तेव्हाही प्रत्येक कुटुंबाने आपलं घर वेगळंच ठेवलं होतं.

खरा आक्षेप पैशाचा आणि वेळेचा आहे. लंडनच्या हाय बार्नेटमध्ये पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांनी उभारलेल्या न्यू ग्राउंड या सहनिवासाची जुळवाजुळव १९९८ साली सुरू झाली. राहायला जाता आलं २०१६ साली. इतका धीर आणि पैसा किती जणांकडे असतो? तरी तिथल्या २५ पैकी ८ सदनिका सामाजिक भाडेतत्त्वावर आहेत, आणि फेर्डक्नेपेन तर नगरपालिकेच्या गृहनिर्माण कंपनीची भाड्याची इमारत आहे. सार्वजनिक संस्था पाठीशी उभी राहिली, तर सहनिवास केवळ सुखवस्तूंचा राहत नाही.

महाराष्ट्रात तर जमीन, सभासद, कार्यकारिणी हा सगळा सांगाडा गृहनिर्माण सोसायट्यांच्या रूपाने तयार आहे. पुनर्विकासाची बोलणी मात्र कार्पेट एरिया किती वाढणार, कॉर्पस फंड किती मिळणार, याभोवतीच फिरतात. तुमच्या सोसायटीचा प्रस्ताव सर्वसाधारण सभेपुढे येईल, तेव्हा प्रत्येक घराच्या वाढीव जागेतले काही चौरस फूट एकत्र करून सामायिक स्वयंपाकघर मागा. नकाशा मंजूर होण्याआधी मागा. नंतर ती जागा निघत नाही.