सबुरीचे पिंप

छंद दोन प्रकारचे असतात. एका प्रकारात माणूस काहीतरी करतो आणि दुसऱ्या प्रकारात तो काहीतरी होण्याची वाट पाहतो. सतार शिकणे, फोटो काढणे, गड चढून गुडघे सुजवून घेणे हे पहिल्या प्रकारातले. गळ टाकून बसणे, मुरांबा मुरवणे आणि यंत्रात दगड घालून ते गुळगुळीत होईपर्यंत थांबणे हे दुसऱ्या प्रकारातले. मी स्वभावानेच दुसऱ्या गटातला. या गटाचा मोठा फायदा असा, की इथे स्वस्थ बसणाऱ्याला लोक आळशी म्हणत नाहीत, चिकाटीचा म्हणतात.

ज्यांनी हे दगडांचे यंत्र पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे वर्णन करतो. मोटरवर फिरणाऱ्या दोन दांड्या आणि त्यांवर आडवे ठेवलेले, आतून रबर लावलेले एक लहानसे पिंप. पिंपात पाऊण भागापर्यंत दगड, वरचा थर जेमतेम भिजेल इतके पाणी आणि कार्बोरंडमची पूड. झाकण घट्ट लावायचे, बटण दाबायचे आणि आठवडाभर रात्रंदिवस ती घरघर ऐकत राहायचे. शेजारी एकदोनदा विचारतात, "काय हो, गिरणी घातलीत की काय?" आठवड्याने पिंप उघडायचे, सगळे धुवायचे, आणखी बारीक पूड घालायची आणि पुन्हा आठवडा थांबायचे. पुडीचा हिशेब स्वयंपाकघरातल्या माणसाला चटकन कळावा असा आहे. आधी जाड रवा, मग बारीक रवा, मग मैदा आणि शेवटी तोंडाला लावायच्या पावडरीसारखी जिलईची भुकटी. महिनाभराने हातात येतो तो दगड कोरडा असूनही ओला दिसतो.

या कार्बोरंडमची जन्मकथाही गंमतीची आहे. 1891 साली अमेरिकेत एडवर्ड अॅचेसन नावाचा गृहस्थ विजेच्या भट्टीत कृत्रिम हिरे करू पाहत होता. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, तसे त्याचे झाले. हिरे झालेच नाहीत, ही पूड झाली. पण मारुतीही कमी ताकदीचा नव्हता. जर्मन खनिजशास्त्रज्ञ मोस याने 1812 साली बांधलेल्या कठीणपणाच्या पायऱ्यांत हिरा दहावा, तर ही पूड नवाच्याही वर. आपल्या नद्यांच्या पात्रांत सापडणारे अकीक आणि गारगोट्या सातच्या आसपास. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजला. त्यातल्या पोकळ्यांत पुढे हे दगड साठले, मग पाण्याने सुटे होऊन नदीत आले. अशा दगडांना मी एक महिना देतो आणि लोक म्हणतात, "काय तुमचा संयम!"

मलाही ते ऐकायला आवडायचे. एके दिवशी असाच एक पाहुणा माझ्या संयमाचे कौतुक करत असताना आमच्या सौभाग्यवती चहाचा ट्रे ठेवता ठेवता म्हणाल्या, "अहो, महिनाभर झिजले ते दगड. यांनी काय केलं? बटण दाबलं!"

पाहुणा हसला आणि विषय तिथेच संपला. त्याच्यापुरता. मला मात्र त्या वाक्याने बरेच दिवस सोडले नाही. खरेच, संयम म्हणजे नक्की कुणाचा गुण? जो थांबतो त्याचा, की जो झिजतो त्याचा? आपल्याकडे चंदनाच्या झिजण्याचे कौतुक पिढ्यान् पिढ्या चालले आहे. सहाणेवर खोड झिजते, गंध देवाला लागते आणि पुण्य उगाळणाऱ्याच्या खात्यावर जमा होते. खोडाला कुणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

आणि हीच मंडळी सबुरीचा उपदेश करण्यात सगळ्यांत पुढे असतात. नव्या सुनेला सांगतात, "भांड्याला भांडं लागायचंच. जरा सांभाळून घे." कचेरीतल्या नव्या कारकुनाला सांगतात, "साहेब थोडे तापट आहेत. घासून निघालात की तयार व्हाल." दोन्ही वाक्ये ऐकायला शहाणपणाची वाटतात. पिंपाचाही तोच सिद्धान्त आहे म्हणा ना. दगड दगडावर घासतो, कोपरे जातात, सगळे गुळगुळीत होतात.

पण पिंपाचा पहिला नियम या उपदेशात कुणीच सांगत नाही. एका खेपेला एकाच कठीणपणाचे दगड घालायचे. सातच्या अकिकांमध्ये तीनचा कॅल्साइट टाकला, तर अकिकांना त्याचा पत्ताही लागत नाही. आठवड्याने झाकण उघडावे तर अकीक आहेत तिथे आहेत आणि कॅल्साइटचा पार चिखल झालेला. आता त्याला 'सांभाळून घेतलं' म्हणायचे की 'संपला' म्हणायचे? घर्षणाने दोघेही उजळतात ही गोष्ट खरी, पण ती बरोबरीच्यांमध्ये. शिवाय प्रत्येक दगड उजळण्यासाठी नसतोच. गुळगुळीत झालेल्या पाट्यावर चटणी वाटली जात नाही. त्याला टाकी लावून मुद्दाम खडबडीत करावे लागते.

हा विचार गंमतीवारी नेता येईल तेवढा नेला असता, पण अकिकाचे नाव घेतले की खंभातचे नाव घ्यावेच लागते. गुजरातेतल्या या गावात अकिकाचे मणी घडवण्याचा धंदा फार जुना आहे. पूर्वी तिथे मोटर नव्हती, पण पिंप होते, आणि ते चामड्याचे होते. मजबूत पिशवीत मणी, कुरुंदाची पूड आणि पाणी घालून तोंड बांधायचे आणि दोन माणसांनी ती पिशवी खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लोळवत राहायचे. दहा दहा, पंधरा पंधरा दिवस. इथे निदान थांबणारा आणि राबणारा माणूस एकच होता.

पुढे सहाणेची फिरती चाके आली आणि कोरडा दगड त्यांवर घासला जाऊ लागला. माझ्या पिंपात पाणी असते, म्हणून धूळ उडत नाही. तिथे ती उडते. गारगोटीच्या जातीची ती बारीक धूळ छातीत बसते आणि सिलिकोसिस होतो. त्यावर उतारा नाही. हा रोगसुद्धा मोठा सबुरीचा. वर्षानुवर्षे गप्प बसतो आणि मग एके दिवशी माणसाला जिना चढू देत नाही. दुकानात माळ हातात घेऊन आपण म्हणतो, "काय चमक आहे!" मण्याचा कोपरा कुठे गेला, हे विचारायचे राहून जाते. तो कुणाच्या तरी श्वासात गेलेला असतो.

म्हणून मी आता माझ्या बाबतीत संयम हा शब्द वापरत नाही. पिंपाबाहेरच्या माणसाची कामे वेगळी आहेत. दगड बरोबरीचे निवडायचे. पिंप फार भरायचे नाही, नाहीतर दगड हलत नाहीत. फार रिकामेही ठेवायचे नाही, नाहीतर ते एकमेकांवर आपटून फुटतात. खेपेखेपेला सगळे मनापासून धुवायचे, कारण जाड पुडीचा एक कण मागे राहिला तरी शेवटच्या जिलईवर ओरखडे उठतात. या सगळ्याला फार तर काळजी म्हणता येईल, आणि तीही काही लहान गोष्ट नाही.

आणि एक. कुणाला "जरा सबुरीने घे" असे सांगायला तोंड उघडले, की मी आधी आपण पिंपाच्या आत आहोत की बाहेर, हे पाहून घेतो. आत असलो तर बोलायला हरकत नाही, दोघे मिळून झिजू. बाहेर असलो, तर बटण आपल्या हाताशी आहे एवढे आठवले तरी पुरते. पुष्कळदा उपदेशापेक्षा ते बंद करणेच बरे असते.