ऐकणाऱ्याचे देणे

बिद्रीच्या साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी १९८४ च्या गळीत हंगामात रुजू झालो, तेव्हा माझ्या ट्रंकेत कपड्यांपेक्षा कॅसेटीच अधिक होत्या. वसईच्या वाडीत वाढलेला मी; गिटारचे वेड तिथेच जडले. मुंबईला काळा घोडा भागात ‘ऱ्हिदम हाऊस’ नावाचे दुकान होते, ते २०१६ मध्ये बंद झाले. तिथे तासन् तास उभे राहून ऐकायचे आणि महिन्याकाठी एखादीच कॅसेट विकत घ्यायची, असा माझा परिपाठ होता. लेड झेपेलिनपासून सुरुवात झाली. मग त्यांनी कोणाचे ऐकले होते म्हणून मडी वॉटर्स, मडी वॉटर्सने कोणाचे ऐकले होते म्हणून मिसिसिपीच्या कापसाच्या शेतातले गाणारे, असा मी उलट्या पावलांनी मुळाकडे चालत गेलो. रॉक संगीताच्या पोटात लोकगीत आहे आणि लोकगीताच्या पोटात कोणाचे तरी दुःख आहे, हे मला पुस्तकाने नव्हे, कानांनी शिकवले.

बिद्रीला रविवारची मिस्सा नव्हती, त्यासाठी एस.टी.ने कोल्हापूर गाठावे लागे. मात्र गाण्याची वाण नव्हती. जवळच आदमापूरला बाळूमामांचे स्थान आहे. बाळूमामा १९६६ मध्ये वारले, परंतु त्यांच्या नावाची मेंढरे आजही गावोगाव फिरतात आणि अमावास्येला तिथे भंडाऱ्याने पिवळी झालेली गर्दी लोटते. तिथेच मी पहिल्यांदा धनगरी ओवी ऐकली. एकाने ओळ उचलायची, इतरांनी ती झेलायची. खाली ढोलाचा जड, संथ ठोका. आणि गाऊन झालेला कथाभाग मग साध्या बोलीत सांगायचा. गुंथर सोन्थायमर नावाचे जर्मन विद्वान (१९३४-१९९२) याच ओव्यांच्या ओढीने हायडेलबर्गहून महाराष्ट्राच्या माळरानांवर वर्षानुवर्षे येत राहिले. मी मात्र रात्रपाळी संपवून, उसाच्या रसाचा ब्रिक्स मोजलेल्या हातांनी तिथे गेलो होतो. मला वाटले, हा तर ब्लूज!

या उद्गारातच माझी चूक दडलेली होती. पण ती उमगायला दोन वर्षे लागली.

आमच्या चाळीमागे एक म्हातारी राहत असे. गावात पिठाची गिरणी कधीच आली होती, तरी तिच्या ओसरीवरचे जाते हलले नव्हते. लग्नाची हळद दळायला तिला बोलावणे येई, आणि एरवीही पहाटे ती मूठभर धान्य घेऊन बसे. दळण हे निमित्त असावे. ती गात असे ती तिच्या एका लेकीविषयी, जी पहिल्या बाळंतपणात गेली होती. मी टू-इन-वन घेऊन गेलो, बटण दाबले. तिने हरकत घेतली नाही. (तिला त्या यंत्राचे कार्य ठाऊक होते का, हे मी विचारले नाही. आज ही गोष्ट मला सर्वांत जास्त टोचते.) नाताळला ती कॅसेट घेऊन मी वसईला गेलो. आमचे संगीतवेडे मित्रमंडळ जमले होते, खिमटासारखा दाट गारठा होता, टेबलावर केक आणि वाइन होती. मी कॅसेट लावली. आवाजाची जात, सुरातले ते किंचित खाली घसरणे, सर्वांनी वाहवा केली. दोघांनी प्रती करून घेतल्या. ‘अस्सल आहे,’ असे कोणीतरी म्हटले. ती लेक कोण, हे कोणी विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही.

परतल्यावर मोठ्या कौतुकाने मी म्हातारीला सांगितले की, तुमचे गाणे पार मुंबईपर्यंत पोहोचले. तिने जात्याचा खुंटा सोडला. थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “सायेब, त्ये मी जात्याला सांगितलं व्हतं. तुमास्नी न्हाई.”

या वाक्याचे मी काय करावे, हा प्रश्न तेव्हापासून माझ्यासोबत आहे.

गाण्याच्या जगात चोरी नवी नाही. दक्षिण आफ्रिकेतला सॉलोमन लिंडा हा झुलू गायक. त्याने १९३९ मध्ये ‘म्बुबे’, म्हणजे सिंह, नावाचे गाणे ध्वनिमुद्रित केले. त्या गाण्याचे हक्क अवघ्या दहा शिलिंगांत गेले. अमेरिकेत १९६१ मध्ये त्याचे नवे रूप जगभर गाजले, १९९४ च्या ‘द लायन किंग’ या चित्रपटातही ते आले. लिंडा मात्र १९६२ मध्ये दारिद्र्यात वारला. त्याच्या मुलींना तडजोडीने काही न्याय मिळायला २००६ उजाडले. माझ्या लाडक्या लेड झेपेलिनचेही हात स्वच्छ नव्हते. त्यांच्या १९६९ च्या एका सुप्रसिद्ध गाण्यात विली डिक्सनची रचना होती, जी मडी वॉटर्सने १९६२ मध्ये गायली होती. डिक्सनने १९८५ मध्ये दावा लावला, १९८७ मध्ये समेट झाला, आणि पुढे श्रेयनामावलीत त्याचे नाव आले. ही प्रकरणे वाईट खरी, परंतु त्यांना निदान तोडगा असतो. पैसा देता येतो, नाव छापता येते. मी म्हातारीला कोणता पैसा देणार होतो? मी तर एक रुपयाही कमावला नव्हता. आणि तरीही घेतले होतेच.

यावर एक आक्षेप मी स्वतःच स्वतःवर पुष्कळदा घेतला आहे. ओवी कोणाच्या मालकीची? आईकडून लेकीकडे, सासरहून माहेरी, ती तोंडातोंडांतूनच वाढली. उसनवारी हा गुन्हा मानला, तर आपल्या ख्रिस्ती मराठी साहित्याचा पायाच उखडावा लागेल. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१९ मध्ये तिथेच वारले. सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोलला छापले गेले. ओवीचा साचा त्यांनी या भूमीकडूनच उचलला. कोणाची परवानगी मागितली नव्हती. मागणार तरी कोणाची?

पण इथे मला एक फरक दिसतो. स्टीफन्स यांनी साचा घेतला आणि त्यात आपले सांगणे ओतले. त्या भाषेत त्यांनी आपल्या आयुष्याची चाळीस वर्षे घातली. मी साचा घेतला नाही. मी एका बाईचे सांगणे घेतले, आणि त्यातली बाई बाजूला ठेवली. छंद सर्वांचा असतो. मेलेली लेक सर्वांची नसते.

तर मग मुद्रण करूच नये का? तसे म्हणण्याचे धाडस मला होत नाही. गिरणीच्या भोंग्यापुढे जाते मुके होणारच होते. फ्रान्समध्ये जन्मलेले गी पॉइटवाँ (१९३४-२००४) हे १९७२ पासून पुण्यात स्थायिक झाले. त्यांनी आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्या जमविण्याचे काम हाती घेतले. महाराष्ट्रातल्या एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. बर्नार बेल यांच्या साथीने त्यांतल्या कित्येक ध्वनिमुद्रित झाल्या. २०१७ पासून तो संग्रह ‘परी’ या ग्रामीण पत्रकारितेच्या उपक्रमातून प्रसिद्ध होत आहे. मला त्यात विशेष वाटते ते आकड्यांचे नव्हे. तिथे ओवीसोबत गाणारणीचे नाव आहे, गाव आहे, बहुधा छायाचित्रही आहे. शिवाय हे काम मुळशीच्या डोंगरभागातल्या गरीब बायाबापड्यांच्या संघटनेशी जोडून घेत पुढे गेले. बाया एकमेकींना सांगत होत्या. ऐकणारा त्यांच्या बैठकीत बसला होता. मी खिडकीबाहेर उभा होतो.

लोकसंगीताच्या चाहत्याला एक विशिष्ट लोभ जडतो. अस्सलपणाचा लोभ म्हणा. गाणे जितके दुःखी, आवाज जितका खरबरीत, तितका आपला आनंद अधिक. दुसऱ्याच्या विपत्तीचा असा आस्वाद घेणे हे पाप आहे, असे मी म्हणणार नाही; त्याच आस्वादाने मला माणसांपर्यंत आणले. मिसिसिपीचे गाणे ऐकले नसते, तर पहाटेच्या त्या जात्याकडे मी कूस बदलून झोपलो असतो. उलट लाज वाटावी अशी गोष्ट निराळीच आहे. माझी स्वतःची आजी आमच्या सामवेदी बोलीतली लग्नगीते अखेरपर्यंत गात असे. त्या वेळी ती मला गावंढळ वाटत. तिची एकही कॅसेट माझ्यापाशी नाही.

म्हातारीपुढे मी ती कॅसेट पुसून टाकण्याची तयारी दाखवली. ती म्हणाली, आधी मला ऐकू दे. पदर तोंडाशी धरून तिने सगळे ऐकले. एका जागी हात वर करून थांबवायला लावले. “हितं चुकलं,” म्हणाली, आणि ती ओळ पुन्हा गायली. मग यंत्राकडे बोट दाखवून, “घ्या की आता त्यात.” मी बटण दाबले. लेकीचे नाव तिने सांगितले, ते मी कॅसेटच्या कागदावर लिहून ठेवले. वसईच्या दोन्ही मित्रांकडून प्रती परत मागून घेतल्या; एकाने दिली, दुसऱ्याची सापडली नाही.

ती १९९१ मध्ये वारली. मी नंतर नोकरी सोडून वसईला परतलो. पुष्कळ वर्षे ती कॅसेट खणात पडून होती. अलीकडे भाच्याने तिचा आवाज संगणकावर उतरवून दिला, आणि तो कोठेतरी सर्वांसाठी खुला करू या, असा आग्रह धरला. मी नको म्हटले. गेल्या हंगामात बिद्रीला गेलो, तेव्हा तो तिच्या थोरल्या मुलाला नेऊन दिला. तो बराच वेळ ओसरीवर ऐकत बसला. बाहेर उसाच्या ट्रॅक्टरवर कर्णा फाटेपर्यंत गाणी वाजत होती, म्हणून त्याने मोबाइल कानाला लावून ठेवला होता. मग मला काही न विचारता, आणि विचारण्याचे त्याला कारणही नव्हते, त्याने ते भावकीतल्या सर्वांना पाठवून दिले. तासाभरात इचलकरंजीहून त्याच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. ती रडत होती. मग म्हणाली, “त्यात आईनं एक वळ दोनदा म्हटलीया. दुसऱ्यांदाची ठेव. पयली नको.”