गोल डोक्याचा हट्ट

मूल जन्मले की त्याच्या डोक्यावर पहिला हक्क आजीचा. आमच्या एकोडीत तेल चोळून, तळव्याने दाबून, मोहरीच्या उशीवर निजवून डोके गोल करतात. बाळाचे मत कोण विचारतो! अमेरिकेतल्या भाचीच्या लेकाला मात्र हेल्मेट, आणि तेही दिवसाचे 23 तास. फोटो पाहून आमच्या आईने फोनवर विचारले, "एवढ्यातच स्कूटर चालवतो का गं?"

हसण्यावारी नेऊ नका. 1992 साली तिकडच्या बालरोगतज्ज्ञांनी बाळांना उताणे निजवायला सांगितले. झोपेतले अचानक मृत्यू पुढे जवळजवळ निम्म्याने घटले. डोकी मात्र मागून चपटी होऊ लागली. सौदा स्वस्तच म्हणायचा! पण जीवाची काळजी मिटली, की आईबापांना देखणेपण आठवते. 2014 साली नेदरलँड्समधल्या एका चाचणीचा निकाल आला : दोन वर्षांची होईतो हेल्मेटवाली आणि बिनहेल्मेटची डोकी सारखीच सुधारली होती.

मग बाळाला हा जाच कोणासाठी? त्याला तर आरसाही ठाऊक नाही. मी भाचीला तसे म्हटलेही.

"मामा, मोठा होऊन त्याने विचारलं, 'तेव्हा का नाही केलंत?' तर?"

केल्याचा जाब मूल सहसा विचारत नाही, न केल्याचा विचारते, हे खरेच. मी बाळाचे वजन विचारले.