तिचा गुडघा आणि तुझा राग

चि. मनू,

तुझ्या बाबाचा फोन होता. तू तीन दिवस धड जेवत नाहीस आणि खेळायचे बूट माळ्यावर टाकलेस, असं म्हणाला. बुटांचं काही नाही, फार तर बुरशी धरेल. पण फायनलनंतर तू मुलींच्या ग्रुपवर टाकलेली ओळ त्याने मला वाचून दाखवली. 'फायनलला दुखणारा गुडघा कॅम्पला बरा कसा होतो?' गंमत अशी की ती फायनल तुम्ही जिंकलात. समोरच्या टीमची सेंटर शेवटची चार मिनिटं बाकावर बसली, तुम्ही तीन पॉइंटांनी जिंकलात, आणि राज्याच्या कॅम्पला निवड झाली ती तिची. तू चिडलीस हे मला समजतं. पण तुझी ओळ ऐकली आणि मला ५ मे १९६९ आठवला.

मी तेव्हा तिसरीत होतो आणि आमच्या गावात बास्केटबॉलची एकच रिंग होती, तीही वाकडी. त्या दिवसाबद्दल मी वाचलं ते पुढे, बँकेच्या टीममधून खेळायला लागल्यावर. लॉस एंजेलिसजवळच्या फोरममध्ये अमेरिकेतल्या एनबीए लीगच्या फायनलचा सातवा सामना होता. एका बाजूला बॉस्टन सेल्टिक्स. त्यांचा सेंटर बिल रसेल, वय ३५, तोच टीमचा कोचही. दुसऱ्या बाजूला लेकर्स, आणि त्यांच्याकडे विल्ट चेंबरलेन. लेकर्सच्या मालकाने विजयोत्सवासाठी छताला जाळ्यांतून हजारो फुगे बांधून ठेवले होते. सामना संपायला पाच-साडेपाच मिनिटं असताना चेंबरलेनचा गुडघा दुखावला आणि तो बाहेर गेला. बॉस्टनची आघाडी तेव्हा नऊ पॉइंटांची होती, ती घसरत एकावर आली. चेंबरलेन परत यायला तयार होता. त्याच्या कोचने त्याला घेतलं नाही. बॉस्टन १०८-१०६ असं जिंकलं. फुगे छतालाच राहिले.

रसेलचा तो शेवटचा सामना. तेरा हंगामांत अकरावं विजेतेपद. एवढं मिळाल्यावर माणसाने शांत बसावं की नाही? पण थोड्याच दिवसांत विद्यार्थ्यांपुढे बोलताना तो म्हणून गेला की चेंबरलेनने मैदान सोडायला नको होतं, पाय मोडल्याशिवाय अशा सामन्यातून कोणी बाहेर जात नाही. बोलणं छापून आलं. त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ ते दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

तुझ्या वेळी ग्रुप होता, त्याच्या वेळी वर्तमानपत्र. फरक एवढाच.

हे दोघं आधी कसे होते तेही ऐक. थँक्सगिव्हिंगच्या सणाला बॉस्टनचा सामना फिलाडेल्फियात असला की रसेल चेंबरलेनच्या आईच्या हातचं जेवायला त्यांच्या घरी जायचा. रसेलच्या घरी भेटले की गप्पा बहुतेक बास्केटबॉलच्या नसायच्या. रसेलला विजेवर चालणाऱ्या खेळण्यातल्या आगगाड्यांचं वेड, तो त्याबद्दल बोलायचा. आणि मग त्याच घरचं जेवलेले हे दोन ताडमाड गडी कोर्टवर एकमेकांच्या छाताडावर खांदे आपटायचे. १९६० मध्ये चेंबरलेनने एका सामन्यात ५५ रिबाउंड घेतले, तो विक्रम अजून मोडलेला नाही. ते घेतले ते रसेलसमोर. १९६५ मध्ये चेंबरलेनला वर्षाला एक लाख डॉलर मिळाल्यावर रसेलने आपल्या मालकाकडे एक लाख एक डॉलर मागितले, आणि घेतले. मला हा वरचा एक डॉलर फार आवडतो. त्यात चुरस आहे, पण विष नाही.

मग असा माणूस, जिंकल्यावरसुद्धा, असं का बोलला?

मी यावर बराच विचार केलाय, कारण मला फुरसत भरपूर आहे. रसेलचं 'सेकंड विंड' हे आत्मकथन १९७९ मध्ये आलं. त्यात तो सांगतो की कधीकधी, अगदी मोजक्या रात्री, खेळ अशा पातळीवर जायचा की पुढचा पास कुठे येणार हे त्याला आधीच दिसायचं. दमलेलं अंग दमायचं थांबायचं. पण हे एकट्याने किंवा एका टीमने घडत नाही. समोरचेही त्याच तारेत असावे लागतात. अशा वेळी तो मनातल्या मनात समोरच्यांनाही शाबासकी द्यायचा. सामना त्याच पातळीवर संपला तर कोण जिंकलं याची त्याला फिकीर उरायची नाही. हे लिहिणारा माणूस जवळजवळ दरवर्षी जिंकणारा आहे, हे लक्षात घे. मोठ्या सामन्याआधी त्याला इतका ताण यायचा की तो ओकायचा. सातव्या सामन्यापर्यंत गेलेली एकही मालिका तो हरला नाही, दहापैकी दहा जिंकला. हरणं ज्याला पचायचं नाही असा हा माणूस.

मला वाटतं, १९६९ मध्ये त्याला शेवटचा सामना तसाच हवा होता, पूर्ण चेंबरलेनसमोर. तो मिळाला नाही. जिंकण्यातलं काहीतरी कमी पडलं आणि त्या कमीचा राग त्याने समोरच्या गुडघ्यावर काढला. तूही तेच केलंस. ती चार मिनिटं उभी असती आणि तरी तुम्ही जिंकला असता, तर कॅम्पचा निकाल काहीही लागला तरी तुझ्याकडे काहीतरी राहिलं असतं. ते हुकलं. त्यावर निवड समितीने मीठ चोळलं. पण समिती काही ग्रुपवर नव्हती. ती पोरगी होती.

राग येऊ नये असं मी म्हणत नाही. रसेल आयुष्यभर रागावलेला माणूस होता आणि बहुतेक वेळा योग्य ठिकाणी रागावला. १९६१ मध्ये केंटकीतल्या लेक्सिंग्टनला प्रदर्शनीय सामन्यासाठी टीम उतरली होती. हॉटेलच्या कॉफी शॉपने त्याच्या काळ्या सहकाऱ्यांना वाढायला नकार दिला. रसेल आणि बाकीचे काळे खेळाडू सरळ विमान पकडून परतले, सामना त्यांच्याशिवाय झाला. बॉस्टनला विजेतेपदांमागून विजेतेपदं मिळवून देत असताना लोकांनी त्याच्या घरात घुसून भिंतींवर शिव्या लिहिल्या, बिछाना घाण करून ठेवला. १९७२ मध्ये क्लबने त्याची सहा नंबरची जर्सी निवृत्त करून, म्हणजे तो नंबर पुन्हा कोणाला न देण्याचं ठरवून, छताला टांगायची ठरवली तेव्हा त्याने सांगितलं, समारंभ प्रेक्षक आत यायच्या आधी करा. फक्त सोबत खेळलेले हवेत. रिकाम्या बॉस्टन गार्डन स्टेडियममध्ये जर्सी वर गेली. हा राग मला पटतो. ज्यांनी त्रास दिला त्यांच्याच दारात नेऊन ठेवलेला राग आहे तो. चेंबरलेनच्या दारात ठेवला तेव्हा मात्र पत्ता चुकला.

आता निवडीबद्दल. तुझी तक्रार अशी की तू बारा ब्लॉक केलेस आणि ते कोणी पाहिलेच नाहीत. बाई गं, रसेलच्या संपूर्ण कारकिर्दीत ब्लॉक मोजलेच गेले नाहीत! एनबीएने ते अधिकृतपणे मोजायला सुरुवात केली १९७३-७४ च्या हंगामात, तो निवृत्त होऊन चार वर्षं झाल्यावर. ज्या कामात तो जगात पहिला, त्याची स्कोअरशीटवर रेघही नाही. त्याची सरासरी सामन्याला पंधरा पॉइंट, चेंबरलेनची तीस. आणि तो ब्लॉक कसा करायचा ते पाहा, जुन्या फिल्म आहेत. तू बॉल प्रेक्षकांत फटकावतेस, टाळ्या मिळतात, आणि बॉल परत त्यांचाच होतो. तो बॉल नुसता टिचकी मारून आत ठेवायचा, आपल्या माणसाच्या हातात जाईल असा, आणि तिथूनच धाव सुरू व्हायची. तुझ्या बारांपैकी किती बॉल तुमच्या हातात आले? हे मला रविवारी सांग, वहीत बघून. समितीने काय पाहिलं मला माहीत नाही, पण मी तिथे असतो तर हेच पाहिलं असतं.

आणि वगळलं जाण्याचं म्हणशील तर ओकलंडच्या शाळेत रसेलला ज्युनिअर टीममध्ये घेतलं ते सोळावा म्हणून. जर्सी पंधराच होत्या. तो आणि दुसरा एक मुलगा, एक सामना याने घालायची, एक त्याने. पुढे कॉलेजची शिष्यवृत्ती द्यायला तयार झालेलं विद्यापीठ एकच, सॅन फ्रान्सिस्को. त्याच विद्यापीठाने मग ओळीने दोन राष्ट्रीय विजेतेपदं घेतली. हे मी तुला धीर देण्यासाठी सांगतोय असं समजू नकोस. सोळावे राहिलेले बहुतेक सोळावेच राहतात, मीही त्यातलाच. पण सोळाव्याला बाकावरून खेळ फार चांगला दिसतो, एवढं खरं.

माझं एक सांगतो आणि पुरे करतो. दुसऱ्या एका बँकेच्या टीममध्ये एक सेंटर होता. सहा वर्षं आम्ही एकमेकांना ढकललं, कोपरं मारली. एकदा रेफरीसमोर मी त्याच्याबद्दल नको ते बोललो आणि नंतर शब्द परत घेतला नाही. टीम बंद पडल्या, मी कर्ज विभागात गेलो. गेल्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला रांगेत उभा होतो. पुढे जागा झाली म्हणून वळलो, तर मागून आवाज आला, "अजून डावा खांदाच आधी टाकता होय?" मागे बघितलं तर तोच, केस गेलेले, हातात काठी. तुझी काकू चाळीस वर्षं माझ्यासोबत आहे, तिला माझा डावा खांदा माहीत नाही. आम्ही मग दाखला राहू दिला आणि समोर चहा घ्यायला गेलो. ते बोलणं त्याला आठवत होतं. मला वाटलं होतं, विसरला असेल.

रसेलनेही शेवटी चेंबरलेनची समक्ष माफी मागितली. मे १९९९ मध्ये बॉस्टनने त्याची जर्सी पुन्हा, या वेळी भरल्या प्रेक्षागृहात, वर नेली तेव्हा चेंबरलेन हजर होता. ऑक्टोबरमध्ये तो गेला. म्हणजे हातात फारच थोडी वर्षं उरली होती. पुढे रसेल सांगायचा की आमच्यात वैर नव्हतं, स्पर्धा होती, आणि ती मैत्रीवर उभी होती. खरंच असेल. पण मधल्या वीस-बावीस वर्षांत दोघांनी थँक्सगिव्हिंगला कुठे जेवण केलं असेल, हा प्रश्न मला उगीच पडत राहतो.

ग्रुपवरची ओळ तू पुसलीस असं बाबा म्हणाला. ते पुरेसं नाही, तिने वाचली आहे. फोन करायचा की घरी जायचं ते तू ठरव. माफी मागताना गुडघ्याची चौकशीही कर, आणि ती खरी असू दे; मुलींना कळतं.

रविवारी साडेसहाला मी येतोय. बूट माळ्यावरून काढून ऊन दाखव. ती येणार असेल तर तिलाही बोलाव, मला तिचा हूक बघायचाय. बॉलमध्ये हवा भरून ठेव, मागच्या वेळी तो पापडासारखा बसला होता.

तुझा,
काका