आमच्या टाकीखालचं पोळं

गेल्या मार्चमध्ये आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीखाली आग्या मोहोळ लागलं. ग्रुपवर दोन दिवस चर्चा झाली. लहान मुलं आहेत, या माश्या चवताळल्या तर जिवावर बेतू शकतं, हे खरंच होतं. पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावण्याच्या अर्जावर मीही सही केली. रात्री फवारणी झाली. सकाळी वॉचमनकाकांनी मेलेल्या माश्या झाडून बादलीत भरल्या.

तेव्हा मला माझंच एक जुनं स्टेटस आठवलं. ‘मधमाश्या संपल्या तर माणूस चार वर्षांत संपेल.’ खाली आइन्स्टाइन यांचं नाव. ते असं म्हणाल्याचा पुरावा नाही, हे मला नंतर कळलं. शिवाय ते खरंही नाही. गहू, तांदूळ, ज्वारी यांचं मधमाशीवाचून अडत नाही. पण कांद्याचं बी, सूर्यफूल, कलिंगड, भोपळा यांचं अडतं. जगातल्या मुख्य अन्नपिकांपैकी सुमारे 75 टक्के पिकांना परागीभवनासाठी मधमाश्यांसारख्या जिवांची थोडीफार तरी मदत होते. म्हणजे भाकरी उरेल, सोबतचा कांदा मिळणं कठीण होईल.

हा हिशेब मला तोंडपाठ होता. तरी मी सही केली. का? कारण हा हिशेब ‘मधमाश्या’ या शब्दाला वाचवतो, समोरच्या पोळ्याला नाही. आमच्या टाकीखालचं एक पोळं गेल्यानं जगातला एक कांदाही कमी होत नाही. प्रत्येक पोळ्याबद्दल हेच म्हणता येतं. कुणी झाड तोडतं, कुणी फुलोऱ्यातल्या पिकावर औषध मारतं, कुणी अर्जावर सही करतं. प्रत्येकाकडे पटण्यासारखं कारण असतं. मधमाश्या कमी होतात त्या अशाच, कुणीही खलनायक नसताना.

आणि उद्या ड्रोननं परागीभवन जमलं, तर? मग मारायला मोकळे? मला ‘नाही’ म्हणावंसं वाटतं. फुलं कुठल्या दिशेला आणि किती लांब आहेत, हे मधमाशी नाचून इतरांना सांगते. ही भाषा उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना 1973 साली नोबेल मिळालं. त्या नाचात आपण कुठेच नाही. ती आपल्यासाठी राबत नाही, स्वतःचं जगते. आपल्याला त्यातलं काही आयतं मिळतं, इतकंच.

मुलांची काळजी खोटी नव्हती. पण फुलोरा सरला की आग्या माश्या आपणहून स्थलांतर करतात. तोवर थांबता येईल का, एवढंही आम्ही कुणी विचारलं नाही.

या मार्चमध्ये त्याच जागी पुन्हा पोळं लागलंय. आग्या माश्या जुन्या जागी परततात. ग्रुपवर फोटो आला, पाठोपाठ पेस्ट कंट्रोलवाल्याचा नंबर. मी लिहिलं, ‘गच्चीचा जिना दोन-तीन महिने बंद ठेवून बघू या का?’

ब्लू टिक्स आल्यात. उत्तर अजून नाही.