भिंतीचं वय

लातूरला औसा रोडवर एका निवृत्त गुरुजींचं घर. वरच्या दोन खोल्या दरवर्षी ‘नीट’ परीक्षेच्या पोरांना भाड्यानं जायच्या. त्या साली मुखेडकडच्या एक बाई मुलाला घेऊन आल्या. सोबत कारवानी कुत्रं. चाकूर तालुक्यातलं जानवळ जिच्यासाठी नावाजलेलं, ती ही जात. सशामागं रानोमाळ पळणारं जनावर. दोन खोल्यांत कोंडलं तर ते दारालाच भिडणार.

गुरुजी कायद्याला पक्के. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ करार नोंदवायची जबाबदारी घरमालकावर टाकतं, म्हणून ११ महिन्यांचा करार रीतसर नोंदवलेला. त्यात भाडं होतं, २०,००० रुपये डिपॉझिट होतं, नेहमीच्या वापरातली झीज सोडून बाकी नुकसान भाडेकरूचं, हेही होतं. खोल्या देताना भिंती कशा होत्या, तेवढं मात्र नव्हतं.

परीक्षा झाली, खोल्या रिकाम्या करायची वेळ आली. दाराला खाली नखांचे खोल ओरखडे, खिडकीची जाळी फाटलेली. गुरुजींनी यादी केली: दार ४,५००, जाळी ८००, रंग ९,०००.

बाईंनी यादी दोनदा वाचली. "गुर्जी, दार अन् जाळी आमच्या कुत्र्यानं बिघडवली. ते कापा. पण छतापर्यंत पोपडे कुत्र्यानं कसे काढले?"

"कुत्रं पाळलं की घराची कळा जातेच," गुरुजी म्हणाले. रागावलेला माणूस असंच बोलतो.

गुरुजींच्या बायको चहा घेऊन वर आल्या. "अहो, हा रंग मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं त्या साली दिलता. डिस्टेंपरात घालायला पाणी नव्हतं, रंगारी पंधरा दिवस बसून होता. विसरलात?"

म्हणजे २०१६. गुरुजी बराच वेळ भिंतीकडं बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सुतार आला. अख्खं दार बदलायची गरज नव्हती. खालची फळी घासून पॉलिश, १,२०० रुपये. गुरुजींनी रंगाची ओळ खोडली. सुताराची अन् जाळीवाल्याची पावती बाईंच्या हातात ठेवली, वर १८,००० रुपये. बाईंनी पैसे मोजले नाहीत, पावत्या मात्र नीट घडी घालून पिशवीत ठेवल्या.

जूनमध्ये नवं बिऱ्हाड आलं. गुरुजी त्यांना घेऊन खोलीखोलीतून मोबाइलवर फोटो काढू लागले. कोपरे, पोपडे, दाराची खालची फळीसुद्धा.

"यांच्याकडं कुत्रं नाही हो," बायको म्हणाल्या.

"भिंती आपल्याच हायत ना?" म्हणत गुरुजींनी छताचा फोटो काढला.