कच्ची माती

दरवर्षी गणपतीच्या आधी आपल्यापैकी कुणाच्या तरी घरी मुले जमतात, मातीच्या मूर्ती करतात, कोपरापर्यंत हात माखून घेतात, आणि त्यातले एखादे हमखास विचारते, "एवढी छान झाली आहे, मग बुडवायची कशाला?" आपल्याकडे उत्तर तयार असते. बाप्पा आपल्या गावाला जातो आणि पुढच्या वर्षी परत येतो. मीही माझ्या मुलीला हेच सांगत आलो होतो. पण २०१९ साली हा प्रश्न मलाच पडला, तेव्हा ते उत्तर मला पुरले नाही.

त्या वर्षी जूनमध्ये बाबा आमच्याकडे पासिर रिसला आले होते. अलिबागजवळच्या आमच्या गावी घरचा गणपती तेच करत. पेशाने शाळामास्तर, मूर्तिकार नव्हेत. पण पेणहून शाडू आणायचा आणि श्रावणात मूर्तीला हात घालायचा, हा त्यांचा नेम. इथे शाडू कुठला? मी ब्रास बसाह कॉम्प्लेक्समधून कुंभारकामाची तयार माती आणली, दहा किलो. पिशवी उघडून त्यांनी बोटाने दाबून पाहिली आणि म्हणाले, "अरे, ही माती आहे की श्रीखंड?"

तरी बसले. आमच्या आठव्या मजल्यावरच्या घरात, स्वयंपाकघरात वर्तमानपत्रे पसरून. वय अठ्ठ्याहत्तर, हात थोडा कापत होता. पुढची बाजू ओल्या ब्रशने गुळगुळीत केली, पाठ मात्र तशीच सोडली. तिच्यावर त्यांच्या अंगठ्याचे ठसे स्पष्ट उमटले होते. "पाठ कोण बघतो?" म्हणाले. डोळेही काढले नाहीत. "माझा हात हलतो. चतुर्थीच्या आदल्या दिवशी तू काढ."

जुलैअखेर ते परत गेले. चतुर्थी २ सप्टेंबरला होती. २८ ऑगस्टला पहाटे ताईचा फोन आला. मी निघालो, सगळे उरकले. सुतकात गणपती बसला नाही, ना गावी, ना इथे. सप्टेंबरच्या मध्यावर परतलो तेव्हा मूर्ती फडताळावर तशीच होती, पांढऱ्या पंच्याखाली, डोळ्यांवाचून.

आता हिचे काय करायचे?

आपण जिला पार्थिव मूर्ती म्हणतो, ती पृथ्वीची, म्हणजे मातीची. तिच्यात देवपण येते ते प्राणप्रतिष्ठेने आणि जाते उत्तरपूजेने. मधले दीड दिवस, पाच दिवस, दहा दिवस काय ते. या मूर्तीत प्राण कधी आलेच नव्हते. आमच्या ओळखीच्या गुरुजींना विचारले, तर ते म्हणाले, "पूजा झालेली नाही, तेव्हा विसर्जनाचे बंधन नाही. ठेवा किंवा विरघळवा, दोष काही नाही." शास्त्राने मला मोकळे सोडले आणि तिथेच पंचाईत झाली. बंधन असते तर निमूटपणे पाळले असते.

मला ती ठेवायची होती. खरे सांगायचे तर गणपती म्हणून नाही, त्या पाठीवरच्या ठशांसाठी. आसक्ती सोडावी, हे आपण विसर्जनाच्या निमित्ताने फार सहज बोलतो. बाजारातून आणलेली मूर्ती असते, मुक्काम ठरलेला असतो, पुढच्या वर्षी तशीच दुसरी मिळणार असते. तिच्यावरून वैराग्य शिकणे म्हणजे फावल्या वेळात उपास करण्यासारखे आहे.

शिवाय ठेवण्यात गैर ते काय? आमच्या गावापासून सासवने दूर नाही. तिथे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांचे घर आहे, आता संग्रहालय आहे. लहानपणी बाबांनी आम्हाला ते दाखवले होते. १८९१ साली गणपती करणाऱ्या घरात जन्मलेला मुलगा, आणि त्याचा १९२८ सालचा ब्राँझचा अश्वारूढ शिवाजी पुण्यात आजही उभा आहे. त्यांच्या अंगणातले पुतळे पाहताना बाबा कितीतरी वेळ गप्प उभे असत. टिकणाऱ्या कामाचे मोल त्यांनाही होतेच.

म्हणून मी भट्टीची चौकशी केली. सिंगापुरात जालान बहारला, म्हणजे आमच्यापासून बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला, १९४०च्या दशकातली एक ड्रॅगन भट्टी अजून आहे. उतारावर लांबलचक पसरलेली, लाकडावर पेटणारी. कुंभारकाम शिकवणाऱ्या एका ओळखीच्या बाईंना मूर्तीचे फोटो दाखवले. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, भरीव मूर्ती भट्टीत फुटते, कारण आत अडकलेल्या ओलाव्याची वाफ होते. तेव्हा खालून कोरून ती पोकळ करावी लागेल. आणि दुसरी, साधारण ६०० अंशांच्या पुढे गेलेली माती पुन्हा माती होत नाही. पाण्यात शंभर वर्षे ठेवली तरी विरघळणार नाही.

पहिल्या गोष्टीची मला भीती वाटायला हवी होती, पण मनात राहिली दुसरी. तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट आपण ऐकलेली असते. मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून त्यांनी थापटीने संतांची डोकी थापटली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले. तेव्हापासून कच्चे असणे म्हणजे कमीपणा, असे आपण धरून चालतो. नामदेवांना ते लागले, आणि म्हणूनच ते विसोबा खेचरांकडे गेले. म्हणजे कच्चे होते म्हणून त्यांचे पुढे काही होऊ शकले! भाजलेले मडके बिघडले तर त्याचे फक्त खापर होते. कच्चे बिघडले तर कुंभार ते पुन्हा पाण्यात टाकतो. गोष्टीचा हा अर्थ कुणा कीर्तनकाराकडून मी ऐकलेला नाही, तेव्हा चूक असली तर माझी.

प्लॅस्टर ऑफ पॅरिसची अडचणही अशीच आहे. ते पाण्यात कालवले की घट्ट होते आणि मग पुन्हा सुटत नाही. चौपाटीवर दुसऱ्या दिवशी हातपाय विखुरलेल्या मूर्ती दिसतात त्या त्यामुळेच. आपण प्रदूषणाचे बोलतो, ते बरोबरच आहे, पण मला त्या दृश्यात बिचारा परत जाऊ न शकलेला देवच दिसतो.

तरीही मी निर्णय केला नाही, नुसता टाळला. मग करोना आला. २०२० साली ७ एप्रिलपासून १ जूनपर्यंत सर्किट ब्रेकर, सगळे घरात, भट्ट्या आणि वर्ग बंद. रोज समोर मूर्ती. जुलैमध्ये सोंडेच्या मुळाशी चीर दिसली. ओली माती लावून बुजवायला गेलो, तर ती वाळताना आकसून निघून आली आणि चीर वाढली. पूर्ण वाळलेल्या मातीला ओली माती धरत नाही. पुन्हा घडवायचे तर सगळेच भिजवावे लागते.

ताईला फोन केला. ती म्हणाली, "त्यांच्या हातचं शेवटचं आहे ते. तडा गेला तर गेला, तडा गेलेलं ठेव. तुझ्या घरी आहे म्हणजे तुझं एकट्याचं आहे का?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही. ती चुकीचे बोलत नव्हती.

चतुर्थी २२ ऑगस्टला होती. पंधरा दिवस आधी, रविवारी सकाळी, मी बादलीत पाणी घेतले आणि मूर्ती आत ठेवली. हट्टाने पाठ माझ्याकडे करून. ओलसर गोळा पाण्यात तसाच पडून राहतो, पण खडखडीत वाळलेली माती लवकर सुटते. बुडबुडे आले, कडा गळू लागल्या. ठसे जायला दहा मिनिटेही लागली नाहीत. मुलगी शेजारी उभी होती. तिने काही विचारले नाही.

मग तो गाळ पंच्यात बांधून मागच्या बाल्कनीत टांगला, चक्का टांगतात तसा. बाबांचे श्रीखंड आठवून हसू आले आणि पुढचे काही मिनिटे काही सुचेना. चौथ्या दिवशी माती मळण्याजोगी झाली. गणपती मी केला, माझा पहिलाच. सोंड जाड झाली, कान लहान-मोठे. आदल्या रात्री डोळे काढले. इथून समुद्र दहा मिनिटांवर आहे, पण दीड दिवसांनी विसर्जन घरीच, त्याच बादलीत केले.

तेव्हापासून दरवर्षी तीच माती. थोडी पंच्याला राहते, थोडी हाताला, थोडी मोरीत जाते, त्यामुळे मूर्ती दर वर्षी जराशी लहान होते. दुकानातली नवी माती मिसळावी का, हे अजून ठरलेले नाही. ताई पुढे दोन वर्षे गणपतीचा विषय काढत नसे. गेल्या वर्षी चतुर्थीच्या रात्री तिने फोनवर मूर्ती पाहिली, कानांना नावे ठेवली, आणि फोन ठेवता ठेवता विचारले, "माती किती उरली आहे रे?"